कप्पीवरचा आकडा

आंबेनळी घाटातल्या एका वळणावर आम्रपाली रस्त्याच्या कडेला पालथी पडून दरीत बघत होती. खाली, मातीच्या अरुंद टप्प्यावर, अंगात रेनकोट घातलेला सोमा उभा होता. त्याची जीप कधीच तळाला गेली होती. पाय मोडलेल्या आईला, ठकूबाईला, त्याने तिच्याच लुगड्याच्या पदराने पाठीशी बांधून घेतलं होतं.

"दोघांस एकदम वर वढा," तो खालून ओरडला. "माती सुटाय लागलीय."

आम्रपाली पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवायची आणि बोलावणं आलं की बचाव पथकाबरोबर घाटात यायची. मोठी कप्पी महाडहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. झाडाला बांधली होती ती छोटी. तिच्यावर कोरलं होतं : सुरक्षित भार, एक किलोन्यूटन.

"किलोत सांगा, मॅडम," दोर धरून उभा असलेला पथकातला रितेश म्हणाला.

किलो म्हणजे वस्तुमान, न्यूटन म्हणजे वजन. नववीच्या मुलांकडून ती हे घोकून घ्यायची. वजनाला नऊ पूर्णांक आठने भागलं की वस्तुमान.

"शंभरच्या जरा वर," ती म्हणाली. मग तिने बेरीज केली. माणूस साठ-पासष्ट किलोचा, पुस्तकातल्या उदाहरणांत असतो तसा. दोघं मिळून सव्वाशे. कप्पी तुटली तर दोघंही जाणार.

"सोमादादा, एका वेळी एकच. आधी आईंना पाठवा."

सोमा वर बघत राहिला. मग त्याने पाठीवरची गाठ सोडली, आईला दोराच्या टोकाला बांधलेल्या पट्ट्यात नीट बसवलं, तिचा पदर सारखा केला आणि दोर हलवला.

सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली. पहिल्याच ओढीला आम्रपालीच्या हातांना कळलं. दोर फार सहज येत होता. रितेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"लवकर," ती म्हणाली. "लवकर ओढा रे."

ठकूबाईचं डोकं कडेला दिसलं, तेव्हाच खालची माती गेली. आवाज फार मोठा झाला नाही. सोमाने हाकही मारली नाही. रितेशने दोर तसाच परत खाली सोडला आणि त्याचं नाव घेत राहिला. सोमा उभा होता तिथे आता ओली तांबडी घसरण होती.

आम्रपालीने ठकूबाईला काखेत हात घालून उचललं आणि रस्त्याच्या मध्ये आणलं. कुणाची मदत लागली नाही. म्हातारी रडत नव्हती. तिची नजर दरीकडेच होती.

"कावीळ झाल्यापासून त्यास अन्न जात नव्हतं गो," ती म्हणाली. "आमा दोघांचं वजन मिळून शंभर किलोचं भाताचं एक पोतं नाय भरायचं."