ठकुबाईचा ईसीजी

"छातीत जळजळतंय," ठकुबाई म्हणाली आणि पदर सावरून तपासायच्या कॉटवर आडवी झाली.

डॉक्टर तरे खुर्चीतून हललेच नाहीत. आठ महिन्यांपूर्वी हिचा नवरा पंढरी अगदी हेच सांगत त्या कॉटवर झोपला होता. ॲसिडिटी म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. धामणकर नाका ओलांडायच्या आत पंढरी रिक्षातच गेला. हार्ट अटॅक. मुलगा विपुल याने ग्राहक आयोगात केस टाकली.

वकिलाने तयार केलेलं उत्तर आज सहीसाठी टेबलावर होतं. डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला होता, पेशंटने ऐकलं नाही, असं त्यात लिहिलेलं. साफ खोटं. पण सही केली की तीस वर्षांचं नाव वाचणार होतं. शिवाय त्या घरातल्या कुणालाही हात लावायचा नाही, अशी वकिलाची ताकीद होती.

डॉक्टरांनी ठकुबाईला समजावून पाहिलं. केस चालू आहे, मी चिठ्ठी देतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. म्हातारी कसली ऐकते!

"केस पोराची हाय," ती म्हणाली. "छाती माझी हाय."

डॉक्टरांनी ईसीजी काढला. मशीन पंढरी गेल्यावर महिनाभरात घेतलेलं. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. अर्ध्या तासाने पुन्हा काढला, तोही नॉर्मल. रक्ताची तपासणीही लिहून दिली. बाहेर पेशंट कुरकुरायला लागले. कुरकुरू देत.

मग न राहवून त्यांनी विचारलं, तुम्ही इथे आलात हे विपुलला कळलं तर?

"त्यानंच आनलं," ठकुबाई उठून बसत म्हणाली. "भायेर रिक्षात बसलाय. म्हनला, दुसऱ्याकडं नको. तरे डॉक्टर एकदा चुकलेत, आता नीट बघितल्याबिगर सोडनार न्हायत."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तिला धरून बाहेर घेऊन आले. विपुलने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नजर आईवर ठेवून त्याने एवढंच विचारलं, बरी आहे ना?

"आई बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि विपुल, तुझ्या बाबांना मी ईसीजी सांगितलाच नव्हता. आयोगाला तसंच लिहून देतो."