दोन रक्तगटांची बाई

"आजी, तुमचे रक्तगट दोन कसे? कॉम्प्युटर एकच घेतोय!" माझी जुनी फाईल उतरवून घेताना नवी डॉक्टरीण म्हणाली.

मला हसू आलं. आमच्या जुन्या डॉक्टरांचे कंपाउंडर मला आणि थोरल्या जाऊबाईंना, दोघींनाही 'सबनीस वहिनी' म्हणायचे आणि दोघींचे रिपोर्ट एकाच केसपेपरला टाचायचे.

मी हे सांगितल्यावर तिने माझं रक्त पुन्हा तपासलं. "आजी, मधुमेह तुम्हाला नाहीच. तो त्यांचा!"

म्हणजे सहा वर्षं कारल्याचा रस मी प्यायले, आणि माझ्या वाटणीचं गोड खात जाऊबाई मलाच "पथ्य पाळ गं" म्हणत होत्या!

घरी पोचले, तर त्या श्रीखंड खात बसलेल्या.

"जाऊबाई, उद्या सकाळी उपाशीपोटी बोलावलंय तुम्हाला," म्हणत मी वाटी काढून घेतली आणि उभ्याउभ्याच चाटूनपुसून संपवली.