भूत बघायचा कार्यक्रम

सोनिवलीत अनीशसाठी मुलगी बघायला आलेल्या सुषमाकाकूंनी पोह्यांना हात लावायच्या आधीच तोंड सोडलं. "दिवसभर भुताचे पिक्चर, आणि रविवारी मित्रांबरोबर फासे टाकून राक्षस-राक्षस खेळतेस? लग्नानंतर ही थेरं चालणार नाहीत हं!"

"अनीशनेपण बायोडेटात हॉररची आवड लिहिलीय की," सई फासा काढत म्हणाली. "होऊन जाऊ दे. खेळातला हिरो तो, भुतं माझी, हार-जीत फाशावर. अनीश, तू बंद फॅक्टरीत अडकलायस. लाइट गेली. मागून तुझ्या खांद्यावर एका बाईचा थंडगार हात पडला. काय करशील?"

अनीशने आईकडे बघितलं. "मम्मी, काय करू?"

"घाबरतोस काय, शेंबड्या! विचार तिला, शिफ्ट संपली तरी इथे कशाला घुटमळतेस? घरी स्वैपाक कोण करणार?"

सईने फासा टाकला. भूत हरलं, पळून गेलं. सई चिडली. तिने विहिरीतून हडळ काढली.

"आधी केस बांध म्हणावं! आणि पाय उलटे, तर चपला कशा घालतेस गं?" काकूंनी हडळीलाही सुनावलं.

फासा पडला. हडळही पळाली.

"भुतांनापण वळण लावलं नाहीस," काकू पोहे ओढून घेत म्हणाल्या. "संसार काय करणार तू!"

काकू अंबरनाथला घरी पोचायच्या आत सईचा मेसेज आला.

"अनीशला नकार. तुम्ही मात्र रविवारी नक्की या काकू, आमच्याकडे भुताची जागा रिकामी झालीय."