सत्यवर्तुळ

दर रविवारी घरातले सगळे फासे टाकून आपापलं पात्र जगवायचा खेळ खेळत. त्यातले जादूचे विधी रचायचं काम बायकोकडे होतं. आज तिने नवाच विधी काढला, सत्यवर्तुळ. मेणबत्ती ज्याच्यापुढे येईल त्याने घरातल्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. खोटं बोलला की खेळातलं त्याचं पात्र कायमचं मेलं. आणि खरंखोटं ठरवणार तीच.

मेणबत्ती नवऱ्यापुढे आली.

"माझी काचेची किटली कोणी फोडली?" तिने गोड आवाजात विचारलं.

तो आळ मांजरावर ढकलून नवरा कधीचा मोकळा झाला होता. पण पटावर त्याचा म्हातारा जादूगार उभा होता, चार वर्षं जिवापाड जपलेला. त्याला मारायचं? छे!

"मी," तो पुटपुटला.

"दादा, अरे मग मांजराचं दूध तरी कशाला बंद केलंस?" धाकटा भाऊ खिदळला.

नवऱ्याने मेणबत्ती झटकन बायकोपुढे सरकवली. "आता तू बोल. आपली गाडी फाटकाला कोणी घासली?"

तिने शांतपणे फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"विधी रचणाऱ्याला तो लागू होत नाही. हा नियम मी सगळ्यात आधी लिहिलाय."