आबांचा चिखल

"हा तो चिखल नव्हे," असे म्हणून आबांनी आणखी एक रणगाडा फडक्याने पुसून काढला.

टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांची आणि काडेपेटीएवढ्या रणगाड्यांची पलटण दोन भागांत उभी होती. डावीकडची अर्धी गेल्या वर्षी रंगवलेली. हिरव्या-करड्या ठिगळांच्या छद्मावरणावर वाळल्या चिखलाची अशी धूसर साय चढली होती, की पलटण गालिच्यावर ठेवली तर शोधावी लागावी. उजवीकडची अर्धी या महिन्यातली. ती चॉकलेटात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

रविवारी आबांच्या छंदमंडळात अशा छोट्या पलटणींची टेबलावरची मोठी लढाई होती, आणि मंडळाचा नियम कडक होता. एका पलटणीला एकच रंग. नाहीतर पलटण पेटीत आणि मालक प्रेक्षकांत.

गेल्या वर्षी याच चिखलाच्या जोरावर आबांना मानाचे मधले टेबल मिळाले होते. त्यांचा नेहमीचा प्रतिस्पर्धी, कोपऱ्यावरचा औषधवाला, याने रंगाची कृती विचारली, तेव्हा आबा नुसते गूढ हसले होते. दुसरा इलाज नव्हता. कृती त्यांनाही ठाऊक नव्हती. बाटल्या त्याच होत्या, ब्रश तेच होते, हातही तोच. चिखल मात्र रुसला होता.

घरात आणखी कोणी रुसले होते.

आईसाहेबांच्या, म्हणजे आबांच्या पत्नीच्या, हातच्या चहाला उभ्या संसारात कोणी नाव ठेवले नव्हते. तशी कोणाची प्राज्ञाच नव्हती. परंतु गेल्या हिवाळ्यात आबा रंगवायला बसले, की कप तोंडाला लावताच त्यांचे तोंड वाकडे होई. पुष्कळ दिवस त्यांनी ते गिळले. अखेर बोलून गेले, "अगं, हा चहा भिंत चाटल्यासारखा लागतो."

आईसाहेबांनी दूधवाला बदलला. चहाची पत्ती बदलली. पातेले आरशासारखे घासले. मग पातेल्यातला चहा स्वतः चाखला, उत्तम होता. शेजारणीला पाजला, तिने दुसरा कप मागितला. तेव्हा पातेले निर्दोष सुटले, जीभ दोषी ठरली आणि निकाल जाहीर झाला.

"ज्या जिभेला माझा चहा भिंत वाटतो, तिने यापुढे भिंतच चाटावी."

त्या दिवसापासून आबांच्या टेबलावर चहा बंद. ब्रश धुण्यासाठी पाण्याचा ग्लास तेवढा आईसाहेब स्वतः भरून ठेवीत. रुसवा वेगळा आणि व्यवस्था वेगळी. पूर्वी तो ग्लास संध्याकाळी भरला तसा नितळ परत येई, आणि दिवसभर केले तरी काय, असे आबांना ऐकून घ्यावे लागे. या महिन्यात मात्र तो रोज गढूळ होऊन येऊ लागला. चहा सुटला आणि माणूस कामाला लागला, असे आईसाहेब शेजारणीला सांगत.

काम होत होते, चिखल होत नव्हता. आबांनी बाटल्यांत बाटल्या मिसळल्या. कुंडीतली माती चाळून पाहिली. माहेरपणाला आलेल्या लेकीची चेहऱ्याची पावडर नाहीशी झाली आणि एका चिलखती गाडीच्या छपरावर सापडली. तेव्हा लेकीने मध्यस्थीचे मनावर घेतले. ती पेशाने वकील होती.

रविवार एका दिवसावर आला असताना तिने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवले. तह असा ठरला, की आबांनी दोष जिभेचा होता हे कबूल करावे आणि चहाला जन्मात पुन्हा नाव ठेवू नये. आईसाहेबांनी चहा पूर्ववत सुरू करावा. आबा हताश होते. लढाई तर गेलीच, निदान चहा तरी पदरात पडावा, असा त्यांनी विचार केला.

"दोष जिभेचा. चहा निर्दोष," ते पुटपुटले.

"मोठ्याने," आईसाहेब म्हणाल्या.

ते मोठ्याने म्हणाले.

दुपारी वाफाळता कप टेबलावर आला. आबांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. भिंत नव्हती. चहा होता. आईसाहेब मान ताठ ठेवून परतल्या. आबांनी डोळ्याला भिंग लावले आणि मन लावून ब्रश चालवू लागले.

काही वेळाने आतून हाक आली. आईसाहेब धावत नसत. त्या लवकर पोचल्या.

"अगं, आला बघ. चिखल आला."

खरेच आला होता. ओला रणगाडा सुकत होता आणि तीच धूसर साय त्याच्यावर धरत होती. तो डाव्या अर्धीतला की उजव्या अर्धीतला, हे आता सांगता आले नसते. आबांचा चेहरा उजळला होता. रंग बाटलीत नसतो, हातात असतो, असे उद्या औषधवाल्याला ऐकवायचे त्यांनी ठरवूनही टाकले. म्हणाले, "तुझा राग गेला आणि माझा हात परत आला."

या आनंदात त्यांनी कप उचलला आणि मोठा घोट घेतला.

तोंड वाकडे झाले. थेट गेल्या हिवाळ्यासारखे. मग त्यांना तह आठवला. त्यांनी घोट गिळला, कप खाली ठेवला आणि क्षीण स्वरात म्हणाले, "उत्तम झालाय."

पुन्हा भिंगाला डोळा लावून ते कामाला लागले.

आबांचे खोटे आईसाहेबांना पाठमोरेही ओळखू येई. त्या जागच्या जागी ताठ झाल्या. तह मोडला होता. यापुढे या टेबलावर चहाचा थेंब येणार नाही, हे त्यांच्या मनात पक्के झाले आणि कप उचलण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

त्याच वेळी भिंगावरून डोळा न काढता आबांनीही हात लांब केला, नितळ पाण्याचा ग्लास ओलांडला आणि ब्रश चहाच्या कपात खळखळून धुतला.