दुसऱ्या रांगेतली शिट्टी

जुलैच्या महोत्सवात, गावच्या लाकडी चर्चमध्ये चौघा वादकांनी संथ भाग सुरू केला आणि इल्माच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानातलं श्रवणयंत्र बारीक शिट्टी वाजवू लागलं. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तो डोळे मिटून, पुढे झुकून ऐकत होता.

"आजोबा, तुमचं यंत्र वाजतंय," इल्मा त्याच्या कानाशी कुजबुजली. "हेलसिंकीहून आम्ही शिट्टी ऐकायला नाही आलो."

"अरे देवा! माफ कर हं, पोरी." त्याने घाईघाईने दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली.

मग इल्माने एकेक सूर मनसोक्त ऐकला. म्हातारा आता डोळे उघडे ठेवून बसला होता. त्याची नजर दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईच्या हातावर खिळली होती. शेवटी टाळ्या वाजवण्याआधी त्याने इतरांच्या हातांकडे पाहिलं.

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी तो यंत्रं पुन्हा कानांत बसवत होता, तेवढ्यात ती बाई धावत आली.

"बाबा, ऐकू आलं ना नीट? तो संथ भाग तुम्हाला आवडतो, म्हणून तर हे वाजवायचा हट्ट धरला मी."

"सगळं ऐकलं, हेल्वी." म्हातारा हसला. "या पोरीची कृपा. शेजारी बसून हिने जरा म्हणून आवाज होऊ दिला नाही."

हेल्वीने इल्माचे दोन्ही हात घट्ट धरले. ती पुन्हा पुन्हा आभार मानत राहिली आणि इल्माला हात सोडवून घेता येईनात.