आजीसाठी कागदाचा फोन

मुलांनो, क्षणभर माझ्याबरोबर सा-देक गावातल्या एका अंगणात येऊन बसा. कालव्याकाठचं घर. आज लुआच्या आजीचं वर्षश्राद्ध. आत आजीच्या फोटोपुढे उदबत्त्या, भात आणि मडक्यात आटवलेला मासा. बाहेर पत्र्याच्या डब्यात विस्तव, आणि शेजारी आजीला पाठवायच्या कागदी वस्तू: झगा, चपला, नोटांच्या चळती. इथे कागदाचं जाळलं, की पलीकडे गेलेल्या माणसाला ते खरं मिळतं.

थुआनमामा शहरातून आला होता. त्याने आणलेला कागदी फोन सगळ्यांत चकचकीत.

“चार्जरसुद्धा आहे बरं का,” तो पाहुण्यांना दाखवत होता. “नाहीतर म्हातारी स्वप्नात येऊन मागायची.”

सगळे हसले. मामाला चेव आला.

“बटणांचा फोन म्हणजे वल्ह्याची होडी. आईचं ते डबडं मीच काढून घेतलं आणि असाच नवा, खराखुरा फोन दिला. शिवाय अपडेट आपोआप होईल असं करून दिलं. माणसाला विचारलं, की तो ‘नंतर’ म्हणतो. आणि जुनं सॉफ्टवेअर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.”

“आईला तो कधी जमलाच नाही, दादा,” लुआची आई भात वाढता वाढता म्हणाली.

“अगं, वेळ लागतो. शिकली असती.”

लुआ विस्तवाजवळ उकिडवी बसली होती. तिने विचारलं, “मामा, आजीकडे पण अपडेट आपोआप होणार?”

“होणारच! तिकडचं नेट तर आपल्यापेक्षा फास्ट.”

पुन्हा हशा.

“त्या दिवशी पण होत होतं,” लुआ म्हणाली. “मी शाळेतून आले तेव्हा. आजी रांजणापाशी पडली होती. फोन मुठीत होता, आणि त्यात गोल गोल फिरत होतं. लिहिलं होतं, कृपया फोन बंद करू नका. म्हणून मी नाही केला.”

आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

मामाने घसा खाकरला. “अपडेट रात्री होतं. दुपारी होत नाही. तिनेच ‘नंतर’ दाबलं असणार.” कुणी मान हलवेना, तेव्हा तो आणखी म्हणाला, “चूक फोनची नसते. वापरणाऱ्याची असते.”

लुआ उठून आत गेली. येताना आजीचा जुना, बटणांचा फोन घेऊन आली. मामाने तो तिला खेळायला दिला होता. वहीचं पान फरशीवर पसरून तिने त्यावर फोन ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली, मग आत एकेक बटण रेखाटलं. एकच्या बटणावर आईने नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिलेला होता. आजी तेवढंच दाबायची, आणि बाजारात आईचा फोन वाजायचा. तो ठिपकाही लुआने कागदावर काढला. मग कात्रीने कापून तो कागदी फोन विस्तवात सोडला आणि पुरता जळेपर्यंत बघत राहिली.

मग तिने ढिगातून मामाचा चकचकीत फोन उचलला, चार्जरसकट. आणि थोरांना वस्तू देताना आजीने शिकवलं होतं तसं, दोन्ही हातांत धरून, किंचित वाकून, मामाला दिला.